उभा हवालदार

मुलांनो, महाडला आमच्या घरी दर वैशाखात एक पाहुणा येत असे, पण तो कधी बसत नसे. ओटीच्या खांबाला पाठ लावायचा, मुंडासं काढून घाम पुसायचा आणि म्हणायचा, "वैनी, योर्गुन!" हा तुर्की शब्द, अर्थ दमलेला. मग उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायचा. हल्ली जिना चढून आले की माझ्याही तोंडून तोच शब्द निघतो.

त्याचं नाव गोविंद, गाव कुडपण. पहिल्या मोठ्या लढाईत शिपाई म्हणून गेला आणि तुर्कांच्या कैदेतून परत आला. सगळे त्याला हवालदार म्हणत. ही बढती सरकारने नव्हे, पोलादपूरच्या बाजाराने दिलेली होती. तिथला न्हावी खोक्यावर चढून त्याची दाढी करी. लग्नात तो भिंतीशी उभा राहून जेवायचा. वाढणाऱ्या बायका विचारत, "हवालदार, तुर्कानं बूड ठेवून घेतलं काय?"

"घेतलं असतं तर बरं झालं असतं गो," तो म्हणायचा.

सर्व्हिस मोटारीत उभं राहू देत नसत, म्हणून कुडपणहून महाडपर्यंत चालत यायचा आणि पुढे नाते गावी जायचा. नात्याला त्याच्या सोबतच्या शिपायाची, लक्षुमनची, म्हातारी आई होती. लक्षुमन कैदेतच वारला होता. पावसाआधी तिचं घर शाकारून देणं हे हवालदाराने स्वतःकडे घेतलेलं काम.

त्याला दुसराही एक नाद होता. कोट घातलेला माणूस दिसला की त्याला अडवायचा. "साहेब, एग्झॉस्टेड म्हंजे काय? वापरून दावा."

मास्तरांनी सांगितलं, दुकानातला माल संपला की म्हणतात. तुमचे आजोबा वकील. ते म्हणाले, अपिलाचे सगळे मार्ग संपले की म्हणतात. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "रोग्यालाच लावतात हा शब्द." त्या दिवशी हवालदार पाणीसुद्धा न पिता गेला.

मला कोणी विचारलंच नाही. पुण्याला मॅट्रिक होऊन आले होते, पण माझ्या अंगावर कोट नव्हता.

एका वैशाखात मी ओटीवर इंग्रजी शब्दकोशाला नवं कापड चढवत बसले होते. हवालदार बघत राहिला.

"वैनी, तुमाला विंग्रजी येतं?"

"येतं."

"आन् इतकी वर्सं गप ऱ्हायलात?"

"तुम्ही कोटवाल्यांनाच विचारत होतात."

तो हसला. मग खांबाला टेकूनच त्याने सगळं सांगितलं. कैद्यांना उन्हातून दिवसचे दिवस चालवत नेत होते. लक्षुमनचे पाय ओढत होते. कैद्यांत एक गोरा डॉक्टर होता. त्याने लक्षुमनची नाडी पाहिली आणि म्हणाला, "एग्झॉस्टेड. सांग पहारेकऱ्याला." थोडी तुर्की येत होती ती फक्त गोविंदला.

"गोऱ्याचा शब्द मला कळला नाय. आन् असल्या वक्ताला लावायचे तुर्की शब्द दोनच ठावं. हास्ता म्हंजे आजारी, योर्गुन म्हंजे दमलेला. हास्ता म्हटलं की गाडीत घालून इस्पितळात न्यायचे. तिथनं कोन परत आलेला मी बगितला नाय. म्हनून योर्गुन म्हटलं. तुर्क चांगला होता. बस म्हनाला. लक्षुमन बसला तो उठलाच नाय."

थोडा वेळ तो मुंडाशाची घडी करत राहिला.

"दर साली म्हातारी इचारते, माजा पोर कसा गेला रे. मी लगेच छपरावर चढतो. वैनी, गोऱ्यानं काय सांगितलंवतं? मी चुकीचा शब्द दिला काय?"

मी पान काढून ओळीवर बोट ठेवलं. "दमलेला. पार दमलेला. आजारी असं इथे नाही."

खाली मास्तरांचा अर्थही होता, संपलेला. तो मी वाचला नाही.

"लिवून द्या," तो म्हणाला. मी कागदावर तिन्ही शब्द एकाखाली एक नीट लिहून दिले. इंग्रजी, तुर्की, मराठी. तो कागद मुंडाशात खोवून नात्याच्या रस्त्याला लागला.

आठ दिवसांनी घर शाकारून परत आला. नेहमीच्या खांबाला टेकला.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. छपरावर चढायच्या आदी."

"काय म्हणाल्या?"

"कागद उलटासुलटा करून बगितला. वाचता कुठं येतंय तिला! मंग म्हनली, दमलावता माजा पोर, बसला. त्यात तुजं काय रे चुकलं? मंग इचारलंन, तिकडं 'बस'ला काय म्हनतात? म्हटलं, ओतुर. तशी घोंगडी झटकून आतरली आन् म्हनली, मंग ओतुर रे गोविंदा. किती वर्सं उभा हायस."

"मग? बसलात?"

"गुडघे लय वाजले, वैनी," तो म्हणाला, आणि खांब धरून हळूहळू आमच्या ओटीच्या कडेला बसला.