पॅटिस येण्याआधीचं एक गाणं

पिकतं तिथे विकत नाही, हा निसर्गनियम आहे. पण नियम म्हटला की त्याची अंमलबजावणी कुणीतरी करावी लागते. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या स्कॉर्बी गावात हे काम कामगार क्लबाची करमणूक समिती निष्ठेने करते. मी तिचा चिटणीस, नॉर्मन.

ग्लेन ऑलर्टनचा ‘कोल्ड ग्रेव्ही’ हा रॉक बँड याच गावचा. तिकडे पेरूत, लिमा शहरात, त्यांना ऐकायला अडतीस हजार माणसं येतात आणि रडतात. (आमच्याकडेही एकदा एक जण रडला होता, पण त्याचा बिंगोचा, म्हणजे तुमच्या हाउजीचा, एकच आकडा राहिला होता.) स्कॉर्बीतल्या मागच्या कार्यक्रमाला एक्केचाळीस जण होते. बिंगोसाठी एकोणतीस, हीटर चालू होता म्हणून अकरा, आणि ग्लेनची आई मॉरीन.

मॉरीनबाईंचा एक कान गेलाय, दुसरा नाताळपर्यंत जाईल असं डॉक्टर म्हणतात. म्हणून पन्नाशीचा ग्लेन माझ्याकडे आला.

“नॉर्मनकाका, एकच गाणं. आईनं माझं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. दरवेळी तुमची घंटा वाजते.”

“घंटा माझी नाही रे पोरा, समितीची आहे.”

समितीने सहानुभूतिपूर्वक विचार करून रविवारी दुपारी बिंगोची पहिली फेरी आणि गरम पॅटिस यांच्यामधली सहा मिनिटं मंजूर केली. गाणं पाच मिनिटांचं. याहून अधिक उदार होणं म्हणजे कलावंताला बिघडवणं.

रविवारी लिमाहून बावीस चाहते आले. ते उभं राहून ऐकू लागले. मागच्यांना बिंगोचा फळा दिसेना, म्हणून त्यांना बसवलं. मग ते टाळ्या वाजवू लागले. आकडे तपासणाऱ्यांचा घोळ होऊ लागला, म्हणून तेही थांबवलं. मॉरीनबाई अगदी पुढे, धडका कान ग्लेनकडे करून बसल्या होत्या. बिंगोचा कागद त्यांनी पालथा घातला होता. खोटं कशाला बोलू, मी घंटेवरचा हात काढून घेतला.

चौथ्या मिनिटाला पॅटिस आले.

दोन मिनिटं लवकर आले, हे खरं. पण नियम सात स्पष्ट आहे: पॅटिस आले की घंटा. मी वाजवली. “पॅटिस आलेत! चीज-कांद्याचे बाराच आहेत!”

खुर्च्या सरकल्या, एकच झुंबड उडाली. ग्लेन थांबला. (लिमाचे दोघं रांगेत उभे राहिले, हेही नमूद करायला हवं.)

“नॉर्मन, मेल्या, पोराला संपवू दे की!” मॉरीनबाई ओरडल्या. ग्लेन वाकून उरलेलं कडवं त्यांच्या कानाशी म्हणू लागला. पण त्या गलक्यात त्यांनी नुसती मान हलवली. “काही ऐकू येत नाही रे, बाळा.” तेवढ्यात बिंगोची दुसरी फेरी सुरू झाली.

ते कडवं लिमात अडतीस हजार जणांना पाठ आहे.

आता तुम्ही आम्हाला निर्दय म्हणाल. म्हणा. पण इथवर वाचलंत, पॅटिस कसले आणि किती ते तुम्हाला कळलं. गाणं कशाबद्दल होतं, हे मात्र तुमच्याही मनात आलं नाही. आमच्याकडे या. सभासदत्वाचे अर्ज बारवर मिळतात.