पाणचक्कीवरची शेळी

आप्पांनी बाहेरच्या खोलीत डोकावून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं आणि टीव्ही मात्र चालू होता. पडद्यावर वेणी घातलेली, पाठीला धनुष्य अडकवलेली एक मुलगी कुठल्याशा बुरुजाच्या दारात नुसतीच श्वास घेत उभी होती. टीव्हीखालच्या काळ्या पेटीचा निळा दिवाही जळत होता. आप्पांनी मान हलवली, भिंतीपाशी गेले आणि दोन्ही बटणं खटाखट बंद केली.

यात दोष असलाच तर त्यांच्या नोकरीचा. मुख्याध्यापक म्हणून त्यांची उभी हयात गेली. शाळा सुटली की स्वतः वर्गावर्गात फिरून पंखे-दिवे बंद करायचे आणि मगच घरी जायचं, हा त्यांचा नेम. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण हात ऐकेना. घरातलं कुणी पाणी प्यायला उठलं, तर परत येईपर्यंत त्याच्या डोक्यावरचा पंखा थांबलेला असे. एकदा तर त्यांनी फ्रिज बंद केला होता. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं, हे त्यांचं स्पष्टीकरण.

"आप्पा," दारातून नात म्हणाली. तिला सगळे चिंगी म्हणत. "तुम्ही आत्ता काय केलंत?"

"वीज वाचवली."

"तुम्ही आईला परत नदीच्या अलीकडे आणून टाकलंत."

आप्पांना काही कळेना. चिंगीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि सावकाश समजावून सांगितलं. या खेळात शेकोटीपाशी बसलं तरच तोवरची वाटचाल सेव्ह होते. मधे कुठेही पेटी बंद पडली की मागच्या शेकोटीपासून पुन्हा सुरुवात. आईने सकाळपासून पूल जिंकला, दरी ओलांडली, बुरूज गाठला, पण निघायच्या घाईत तिथल्या शेकोटीपाशी बसायचं राहिलं. शेवटचा राक्षस तेवढा राहिला होता. आता ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. आल्यावर राक्षस संपवून लिहायला बसणार होती, आणि संपादकांना लेख आजच संध्याकाळी हवा होता.

आप्पांचा चेहरा उतरला. कचेरीतली नोकरी गेल्यापासून सूनबाई घरूनच मिळेल ते लिहीत होती. एका वर्तमानपत्राने प्रथमच तिला एका साहसी व्हिडिओ गेमची बलस्थानं आणि उणिवा लिहायला सांगितलं होतं. लेख जमला तर दर आठवड्याचं सदर तिचं. गेले काही दिवस ती जेवताना त्याखेरीज दुसरं काही बोलत नव्हती.

"तू पुढे ने ना तिला," आप्पा म्हणाले. "ती यायच्या आत."

"परीक्षा होईपर्यंत कंट्रोलरला हात लावणार नाही, असं मी आईला वचन दिलंय. तुमच्यासमोरच दिलं."

"दिलंस खरं."

"तुम्हीच म्हणालात, दिलेला शब्द पाळायचा."

आप्पांना त्या क्षणी आपल्या शिकवणुकीचा थोडा पश्चात्ताप झाला. मग त्यांनी चष्मा पुसला, कंट्रोलर हातात घेतला आणि म्हणाले, "बरं. तू शिकव."

पहिला बराचसा वेळ धनुर्धारी मुलगी एका भिंतीवर डोकं आपटत राहिली. मग ती नदीत पडली. बाहेर निघाली, आणि आप्पांनी अंगठा उचलायच्या आत पुन्हा नदीत पडली.

"सॉरी हं, बाळ," आप्पा पडद्याला म्हणाले.

"घाई नाही," चिंगी म्हणाली. "चुकलं तर चुकलं. पुन्हा करा. माझ्याकडे नाही, फळ्याकडे बघा."

हा सूर कुणाचा, हे आप्पांनी ओळखलं. समोरून तो बराच कडक लागतो, हे मात्र त्यांना आजच समजलं.

मुलीच्या बरोबर एक वाटाड्या होता. तो सारखा ओरडत होता, "लवकर चल, गाव जळतंय." आप्पा भराभर बटणं दाबू लागले.

"लक्ष देऊ नका. तो रोज असंच म्हणतो. गाव काही जळत नाही."

"मग खोटं कशाला बोलतो? इथे गुण कापायला सांग आईला."

पुलावर पहारेकरी होते. चिंगीने नेम कसा धरायचा ते सांगितलं. आप्पांनी नेम धरला आणि खाली घेतला. "पाठमोरा आहे तो."

"म्हणूनच मारायचा, आप्पा. तो दुष्ट आहे."

"कामावर आहे तो. आपण समोर जाऊन विचारू."

समोर जाऊन विचारल्यावर काय होतं, ते लगेच दिसलं. मुलगी पुन्हा शेकोटीपाशी बसलेली होती. तरी आप्पांनी आणखी दोनदा सभ्यपणे प्रयत्न केला. मरता मरता त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या पहारेकऱ्यांचा चेहरा एकच आहे. "एकाच आईची मुलं दिसतात," ते म्हणाले. "कापा गुण."

पूल काही जमेना. चिंगी घड्याळाकडे बघत नखं खाऊ लागली. आप्पांनी मुलीला जरा शांत करावं म्हणून शेकोटीमागच्या पाणचक्कीपर्यंत फिरवून आणलं. तिथे एक म्हातारी बसली होती. ती बोलू लागली, फार सावकाश.

"हे कुणी ऐकत नाही. गोल बटण दाबा, ती गप्प होते," चिंगी बटणाकडे बोट दाखवत म्हणाली.

"कुणी बोलत असताना?" आप्पांनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. चिंगीने बोट मागे घेतलं.

म्हातारीने आपलं लग्न सांगितलं, पूर सांगितला, गुडघे सांगितले. सगळ्यात शेवटी ती म्हणाली, की तिची शेळी कड्यावर अडकली आहे.

"आप्पा, नको. आई येईल."

पण आप्पा निघाले होते. कडा चढताना त्यांना या खेळाची पहिली खरी गंमत कळली. कुठल्या खाचेत हात घालायचा, कुठे थांबायचं, हे दगड बघून ठरवायचं होतं. वारा आला की मुलगी अंग भिंतीला चिकटवायची. हात निसटणार असला की कंट्रोलर तळव्यात थरथरायचा. "ज्याने हे केलंय तो स्वतः कधीतरी झाडावरून पडलेला असणार," आप्पा कौतुकाने म्हणाले. "इथे पैकीच्या पैकी."

शेळी सापडली. ती मुलीच्या मागोमाग खाली आली. म्हातारी खूश झाली आणि म्हणाली, की बंधाऱ्याचं दार लावलं असतं तर नदी आटून तुला चालत पलीकडे जाता आलं असतं, पण दाराच्या चाकाचा दांडा मोडलाय. चांगलं मजबूत लाकूड हवं.

पडद्यावर प्रश्न आला. चिंगी वाचेपर्यंत आप्पांनी 'हो' म्हटलं होतं. मुलीने पाठीचं धनुष्य काढून म्हातारीला देऊन टाकलं. चाक फिरलं, नदी ओसरली, आणि पलीकडच्या सगळ्या पहारेकऱ्यांना पुलावरच ठेवून मुलगी कोरड्या पायांनी पार गेली. मागून शेळी. वाट थेट बुरुजाच्या दाराशी निघाली. दारात एक शेकोटी होती.

"बसा, बसा," चिंगी म्हणाली. मुलगी बसली आणि सेव्ह झाली. दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. मग चिंगीचा चेहरा बदलला. "आप्पा, आत राक्षस आहे."

"मग?"

"तो बाणानेच मरतो. आणि जुनं सेव्ह पुसलं गेलं."

इतक्यात दार वाजलं. सूनबाई आत आली. तिचा अर्धा गाल बधिर होता आणि रुमाल तोंडाशी होता. तिने पडद्याकडे पाहिलं. बुरूज होता तिथेच होता. मुलगी होती. धनुष्य नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "ही शेळी कुणाची?"

आप्पा उठून उभे राहिले. "बटण मी बंद केलं. चिंगीने कशालाच हात लावला नाही. धनुष्यही मीच दिलं. तुझं काम बिघडवलं मी, सूनबाई."

सूनबाई कंट्रोलर घेऊन बसली. तिने मुलीला आत नेलं. राक्षसाने एक पाय उचलून खाली ठेवला. तिने पुन्हा नेलं, पुन्हा पाय. शेळी बाहेर शांतपणे गवत खात होती. खिडकीतलं ऊन तिरपं झालं होतं. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. चिंगी आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"नदी आटते?" डोळे न उघडताच सूनबाईने विचारलं.

"म्हातारीचं सगळं ऐकलं तर," आप्पा म्हणाले.

"मी पहिल्या वाक्याला बटण दाबलं होतं. आणि लिहिणार होते, की या खेळात मारामारीशिवाय काही नाही." तिने लॅपटॉप ओढला. "बसा इथे. गुण कुठे कुठे कापलेत ते सांगा."

लेख दिवेलागणीला गेला. त्यात लिहिलं होतं, की खेळातला कडा खरा वाटतो आणि पहारेकरी खोटे. वाटाड्या घाई करतो, पण गाव वाट बघायला तयार असतं. सगळ्यात चांगला रस्ता खेळाने अशा ठिकाणी ठेवलाय जिथे कुणी थांबत नाही, आणि तिथे थांबणाऱ्याला तो शेवटी निःशस्त्र करून राक्षसापुढे उभा करतो, हा अन्याय आहे. हा रस्ता आपल्या सासऱ्यांनी शोधला, हेही तिने लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'शेवट मी पाहिलेला नाही.' ते खोडावं की ठेवावं यावर बराच खल झाला. आप्पा म्हणाले, ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संपादकांचा फोन आला. सूनबाईने तो घेतला तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. ती "हो" म्हणाली, "बरं" म्हणाली, मग गोंधळून म्हणाली, "ते घरीच आहेत." तिने फोन आप्पांपुढे धरला.

"काय म्हणतात? खोडायला हवं होतं का?"

"सदर दिलं," ती म्हणाली. "पण त्यांना तुमच्याशी बोलायचंय. ते महिनाभर त्या पुलावर मरताहेत."

आप्पांनी चष्मा सारखा केला, फोन कानाला लावला आणि पलीकडची सगळी हकिगत मधे न बोलता ऐकून घेतली.

"घाई नाही," मग ते म्हणाले. "आधी मला एवढंच सांगा, म्हातारीचं बोलणं पूर्ण ऐकलंत का?"

पलीकडे शांतता.

"गुडघ्यांपर्यंत तरी?"

संपादक नुसतेच खाकरले.

"मग बसा खाली," आप्पा म्हणाले, "आणि पहिल्यापासून ऐका."