साक्षीला ठेवलेलं मूल

जे मोजता येतं त्याचीच मजुरी मिळते, हा दुष्काळी कामावरचा पहिला नियम होता. दुसरा नियम नव्हता. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात अणदूरजवळच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं आणि नऊशे माणसं या एका नियमावर जगू लागली. दर शनिवारी टेप लागायची, खड्ड्याचं माप पुस्तकात चढायचं आणि मजुरी वाटली जायची. शिवकांताचं नाव आलं की कारकून मात्र पान उलटायचा. सात शनिवार त्यानं पान उलटलं होतं.

तिचा गुन्हा एवढाच, की ती खणत नव्हती. होळीच्या सुमारास एक रांगतं पोरगं खड्ड्यात पडलं आणि त्याचा हात मोडला. तेव्हा वरून हुकूम आला, की मजुरांची लहान मुलं सांभाळायला एक बाई नेमावी, तिनं त्यांना काही शिकवावंही आणि तिला नियमाप्रमाणे मजुरी द्यावी. कामावर सातवी शिकलेली बाई ही एकटीच. तिनं डोक्यावरची मातीची पाटी खाली ठेवली आणि त्रेचाळीस पोरं घेऊन लिंबाखाली बसली. नाकं पुसली, सरकारी सुकडी भरवली, दगडी पाटीवर अक्षरं गिरवून दाखवली, आकडे शिकवले, गाणी म्हणून घेतली. मजुरी नियमाप्रमाणे मिळायची होती, आणि नियम कोणता ते वर सांगितलंच आहे.

नवरा सोलापूरला गिरणीत काम शोधायला गेला होता, तो अजून शोधतच होता. घरात ती आणि चार वर्षांची चन्नम्मा. सात आठवडे मायलेकी सुकडीच्या पातेल्याच्या खरवडीवर होत्या.

ओव्हरसियर नानासाहेब माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर निदान भांडता आलं असतं.

"बाई, तुमचं काम मला दिसतंय हो," ते कळवळून म्हणाले. "पण मोजू कुठं? खड्डा दाखवा."

"साहेब, पोरांला ईसपर्यंत मोजता येतंय. आदी पाचाच्या म्होरं जात नव्हती."

"वीस म्हणजे किती फूट?"

 मग नानासाहेबांनाच तिची दया आली. त्यांनी पोरांची उंची मोजायला घेतली, वाढतील तेवढं बाईंचं काम धरू म्हणाले. पहिल्या खेपेला पोरं मुरमाच्या ढिगावर उभी होती, दुसऱ्या खेपेला सपाटीवर. पुस्तकात चढलं, की बाईंच्या देखरेखीखाली मुलं सरासरी चार इंचांनी घटली. चार इंचांची वसुली कुणाकडून करायची, असं तालुक्याहून विचारणारं पत्रही आलं. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण!

शेवटी प्रकरण उपअभियंत्यांकडे गेलं. ते मुरलेले गृहस्थ. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट हात न लावता सोडतात. भोवतीची माती गेली, की त्या खुंटाच्या उंचीवरून किती खोल खणलं ते कळतं. नोकरीची वीस वर्षं त्यांनी असे खुंट मोजण्यात घालवली होती. त्यांनी हुकूम काढला:

'ज्याअर्थी खुंटाखेरीज खोदकामाची खोली सिद्ध होत नाही, त्याअर्थी शिक्षणकामातही एक मूल न शिकवता साक्षीला ठेवावे. सदर मूल व इतर मुले यांतील फरक हेच बाईंचे काम समजावे. साक्षीच्या मुलास कोणी शिकवू नये म्हणून चौकीदार नेमावा. चौकीदारास रोजंदारी द्यावी. राखणीस माप लागत नाही.'

हुकूम आला, आता मूल कुणाचं? शिवकांता आयांना विचारत फिरली.

"माजं लेकरू काय मातीचा खुंट हाय व्हय?" मालनबाई पदर खोचून उभी राहिली. "तुज्या मजुरीपायी म्या त्येला अडाणी ठिवू?"

बोलणं खोटं नव्हतं. शिवकांतानं दुसऱ्या दिवशी आपल्याच चन्नम्माला उचलून दहा पावलं लांब पोत्यावर बसवलं. भोवती चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. रेघेशी चौकीदार म्हणून म्हातारा कोंडिबा काठी घेऊन बसला.

"आये, म्या तिकडं का न्हाय?" पोरगी रडायला लागली.

 शिवकांतानं तोंड फिरवलं आणि पोरांकडून एक-दोन म्हणून घ्यायला लागली. त्या दिवसापासून तिचा आवाज चांगलाच चढला होता, पण ते तिच्याही ध्यानात आलं नाही. शनिवारी टेप लागली. कोंडिबाला गप्प बसल्याची आठवड्याची पूर्ण मजुरी मिळाली. शिवकांताचं पान उलटलं गेलं, कारण फरक अजून पडायचा होता.

सहा आठवड्यांनी उपअभियंत्यांची जीप आली. टोपीवाला साहेब बघून बेचाळीस पोरांची दातखीळ बसली. एकानं जागेवरच चड्डी ओली केली. मग साहेब रेघेशी गेले.

"काय गं, तुला काय येतं?"

चन्नम्मा ताडकन उठली. सहा आठवड्यांत तिला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. एक ते पन्नास आकडे तिनं एका दमात म्हटले, पाखरांचं गाणं हातवाऱ्यांसकट म्हटलं, आणि कुणी थांबवेना म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात केली.

उपअभियंत्यांनी चष्मा पुसला. "फरक शून्य. किंबहुना उणे. बाईंनी काहीही काम केलेलं नाही."

"आवो साहेब, तिला यायलंय ते माज्याच तोंडचं हाय की!"

"बाई, हे लेखी देऊ नका," नानासाहेब घाईनं कुजबुजले. "साक्षीला हात लावणं गुन्हा आहे."

त्याच शनिवारी मजुरी घेताना कोंडिबानं शाईचा डबा बाजूला सारला आणि हजेरीपटावर सही केली. जन्मभर अंगठा लावलेला माणूस!

"कोंडिबा, हे कधी शिकलास?" नानासाहेबांनी विचारलं.

"बाई पाटीवर गिरवायच्या, म्या काठीनं मातीत गिरवायचो. बसून बसून करायचं काय?"

नानासाहेबांना गहिवरून आलं. मासिक अहवालात त्यांनी लिहिलं: 'एक मजूर साक्षर. खर्च निरंक.'

सोमवारी शिवकांतानं पुन्हा मातीची पाटी डोक्यावर घेतली. त्या शनिवारी कारकुनानं तिचं नाव पुकारलं. मायलेकींनी तेरा आठवड्यांनी पोटभर मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी खाल्ली. इकडं पोरं खड्ड्याच्या काठावर आली, आणि मालनबाईचं पोरगं घसरता घसरता वाचलं. पोरांवर चौकीदार हवाच, असं ठरलं.

"मंग मलाच ठिवा की," शिवकांता म्हणाली. "राखणीला माप लागत न्हाय न्हवं?"

"तुम्ही शिकवाल हो, बाई," नानासाहेब कळवळून म्हणाले. "शिकवलं, की माप आलं."

म्हणून कोंडिबालाच नेमलं, रोजंदारीवर. त्रेचाळीस पोरांचं करायचं काय, हे त्याला कळेना. मग ऐकलं होतं तेच तो म्हणून घ्यायला लागला. "अकरा, बारा, तेरा, पंधरा..."

भरली पाटी घेऊन चाललेली शिवकांता थबकली. "कोंडिबामामा, चौदा ऱ्हायले!"

"व्हय व्हय, चौदा!"

"चौदा!" त्रेचाळीस गळे ओरडले. त्यात चन्नम्माचा सगळ्यांत मोठा.

"ए बाई, हुबी काय ऱ्हायलीस?" मुकादम धुळाप्पा खेकसला. "पाटी मोजायचीया!"

पाटी मोजली गेली. चौदा कुणीच मोजले नाहीत.

तुम्ही इथवर न अडखळता वाचत आलात, म्हणजे तुम्हालाही कधीतरी कुणी तेराच्या पुढं थांबवून चौदा सांगितले असणार. नाव आठवतंय तिचं? नसेल, तर खुशाल पान उलटा. कारकूनही तेच करत होता.