बलक कुणी खायचा?

आमच्या कॅशियरच्या छातीत दुखलं आणि मी अंड्यातला बलक सोडला. हा माणूस रोज डब्यात ऑम्लेट आणायचा, त्यामुळे सगळ्या ऑफिसने लगेच निकाल लावून टाकला: कोलेस्टेरॉल! (नंतर कळलं, साधी ॲसिडिटी होती. पण तोवर मी घरी जाहीर करून बसलो होतो, आणि जाहीर केलेलं मागे घ्यायची परवानगी आमच्याकडे फक्त बायकोला आहे.)

"उद्यापासून मला अंड्यातलं फक्त पांढरं," मी म्हणालो.

"आणि पिवळ्याचं काय करू? केसांना लावू?"

"टाकून दे."

"टाकून काय दे? चांगलं खाण्यासारखं आहे!"

तेवढ्यात पेपरमागून आवाज आला, "मी खातो की."

पेपरमागे माझे सासरे होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात आणि कशाचीही तक्रार करत नाहीत. (त्यांच्याबद्दल माझी एवढीच तक्रार आहे.)

आता नुसतं पांढरं खाऊन बघा कधी. ओलं खोडरबर बरं. म्हणून मी ते लोण्यात परतून घ्यायला लागलो. मग वर थोडं चीज किसलं. मग चीज एकटं पडू नये म्हणून बटर लावलेले टोस्ट आले. बलकाचा त्याग केल्यावर माणसाला एवढी सूट हवीच. समोर सासरे उकडलेले बलक मीठ-मिरपूड घालून मिटक्या मारत खायचे.

एके सकाळी खाता खाता त्यांनी छातीवर हात ठेवला. ते खिशातला चष्मा चाचपत होते, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: माझ्या वाटणीचं कोलेस्टेरॉल मी या म्हाताऱ्या माणसाला खाऊ घालतोय! उद्या काही झालं तर खापर कुणावर फुटणार? शिवाय खरं सांगायचं तर मला ते आवडतात. बायको तापली की माझी बाजू घेणारं घरात दुसरं कुणी नाही.

"बाबा, बलक आजपासून बंद. हृदयाला वाईट असतो."

"असं? मग मला का दिलात, जावईबापू?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"म्हणजे?" बायको दारात आली. "वाईट म्हणून तुम्ही स्वतः सोडलात आणि माझ्या बाबांना घातलात?"

त्याच दिवशी सासऱ्यांचं रक्त तपासायला दिलं. त्यांना धीर यावा म्हणून मीही दिलं.

दोन्ही रिपोर्ट पुढ्यात घेऊन डॉक्टर म्हणाले, "हा एक उत्तम आहे. या दुसऱ्यात मात्र कोलेस्टेरॉल बरंच वाढलंय."

मी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, अजिबात घाबरायचं नाही."

"हा तुमचा रिपोर्ट आहे," डॉक्टर मला म्हणाले.

"अहो, पण मी बलक खातच नाही!"

"मग काय खाता?"

मी सुरुवात करण्याआधीच बायकोने लोणी, चीज, टोस्ट असं सगळं सांगून टाकलं. (ऑफिसच्या कँटीनमधलं तिला कसं कळलं, देव जाणे.)

"बहुतेकांना रोजच्या एखाद्या अंड्याने फारसा फरक पडत नाही," डॉक्टर म्हणाले. "अंड्याबरोबर काय चापता, ते बघा. लोणी-चीज आवरा आणि चालायला लागा. आजोबा, तुम्ही चालता ना?"

"दोन्ही वेळा."

"मग यांनाही न्या."

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही बागेत जातो. ते पुढे, मी मागे. काल तिसऱ्या फेरीला बाकापाशी आलो तर बाक भरलेला. आम्हाला बघून एक आजी काठी टेकत उठल्या. म्हटलं, चला, जगात अजून माणुसकी आहे.

"बाबा, बसा," मी धापा टाकत म्हणालो.

"त्यांचं राहू दे," आजी म्हणाल्या. "तू बस, बाळा."