किल्लीचं शुल्क

चष्म्याची उजवी काडी पुन्हा सैल झाली होती. व्यापार-करार तपासणी समितीचे सचिव बैठकीच्या खोलीत सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते आणि खिशातल्या इवल्याशा स्क्रू-ड्रायव्हरने ती काडी घट्ट करत होते. हा स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या बायकोने दिला होता. "चष्मा नवा घ्यायचा नाही ना, मग हा तरी बरोबर बाळगा," असं म्हणून तिने तो त्यांच्या खिशात टाकला होता आणि तेव्हापासून तो तिथेच होता.

समितीचं काम कागदावर फार मोठं होतं. सरकारने दुसऱ्या देशाशी व्यापाराचा करार केला, की तो आधी या समितीने वाचायचा, मंत्र्यांना प्रश्न विचारायचे आणि मुदतीच्या आत आपलं मत संसदेला कळवायचं. मुदत टळली, तर समितीचं काही म्हणणं नाही असं धरून करार आपोआप मंजूर. आणि मुदत नेहमी टळायची. मंत्री यायचे, देशाच्या भरभराटीबद्दल दहा मिनिटं बोलायचे, घड्याळाकडे बघून "मला दुसरीकडे जायचंय" म्हणायचे आणि जायचे. त्यांच्या मागोमाग सभासदही पांगायचे. सचिवांनी रात्री जागून काढलेले प्रश्न फायलीत तसेच राहायचे. त्यातले काही इतके चांगले होते की सचिव ते अधूनमधून काढून स्वतःच वाचत.

मागच्याच आठवड्यात सभापतींच्या कार्यालयाने तोंडी निरोप दिला होता. या वेळीही समितीने मत दिलं नाही, तर ती स्टेशनरी व उपाहारगृह समितीत विलीन करण्यात येईल. सचिवांना रात्रभर झोप लागली नाही. इतकी वर्षं ज्या माणसाने जगाच्या आयात-निर्यातीचा अभ्यास केला, त्याने आता उपाहारगृहातले चमचे मोजायचे? बायको म्हणाली, "निदान चमचे मोजले की हिशेब तरी लागतो." ती गमतीने म्हणाली होती, पण ते त्यांच्या मनाला फार लागलं.

आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला कार्यालय बंद व्हायच्या आत अहवाल गेला नाही, तर संपलं.

करार कुलपांचा होता. म्हणजे त्यात छत्र्या, बूट, बादल्या असं बरंच होतं, पण गाजावाजा झाला तो परदेशी कुलपांवरचं शुल्क उठवलं याचा. समितीचा एक जुना नियम होता, की करारातल्या मुख्य मालाचा नमुना टेबलावर ठेवायचा. या नियमाचा अनुभव काही बरा नव्हता. चीजच्या कराराच्या वेळी चर्चा सुरू व्हायच्या आत नमुना संपला होता आणि गाद्यांच्या वेळी अर्धी समिती झोपली होती. कुलपाचं मात्र कोणी काय वाकडं करणार, असं सचिवांना वाटलं होतं.

एकेक सभासद आले. अध्यक्षबाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही खोलीत शिरताच सगळे जरा ताठ बसत. त्यांच्यामागून एक वकील सभासद आले, एक व्यापारी सभासद आले आणि शेवटी काका आले. काका सर्वांत ज्येष्ठ. ते आले, बसले आणि झोपले. झोपलेला सभासदही गणसंख्येत धरतात, म्हणून सचिवांना काकांचा फार आधार वाटे.

मंत्री खात्याच्या अधिकाऱ्याला घेऊन आले. बैठक गुप्त होती, त्यामुळे सगळ्यांचे मोबाइल बाहेर पहारेकऱ्याच्या ट्रेमध्ये गेले. गुप्त बैठकीचं दार आतून बंद करावं असाही नियम होता. दाराला आतून कडी-कोयंडा होता, पण त्याची खिटी कधीच हरवली होती, म्हणून सचिव कोयंड्यात पेन्सिल अडकवत. आजही ते पेन्सिल घेऊन उठले.

"पेन्सिल?" मंत्री हसले. "अहो, टेबलावर जगातलं सगळ्यात भारी कुलूप पडलंय आणि तुम्ही पेन्सिल काय लावताय? बाई, हे कुलूप हत्ती आला तरी उघडायचं नाही. थांबा, मीच लावून दाखवतो."

मंत्र्यांनी ते जाडजूड, चकचकीत कुलूप उचललं, कोयंड्यात अडकवलं आणि तळहाताने दाबलं. खट्ट असा आवाज झाला. व्यापारी सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मग मंत्री दहा मिनिटं देशाच्या भरभराटीबद्दल बोलले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बराय, मला दुसरीकडे जायचंय. किल्ली द्या."

खात्याचा अधिकारी जागचा हलला नाही. "साहेब, किल्ली नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"चोरीच्या भीतीने ते लोक कुलपं एका पार्सलने पाठवतात आणि किल्ल्या दुसऱ्या पार्सलने. कुलपं नव्या सवलतीत सुटली. किल्ल्या कस्टममध्ये अडकल्यात."

"का?"

"सवलतीच्या यादीत कुलूप आहे साहेब. किल्ली नाहीये."

मंत्र्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुलपं दाखवायची म्हणाला होता. उघडायची म्हणाला नव्हता."

मग धावपळ सुरू झाली. वकील सभासदांनी दारावर मुठी आपटल्या. बाहेरून पहारेकऱ्याचा शांत आवाज आला, "साहेब, गुप्त बैठक आहे. आतलं काही ऐकायचं नाही असा मला हुकूम आहे."

"अरे, आम्ही अडकलोय."

"मी काही ऐकलेलं नाही साहेब," पहारेकरी म्हणाला. माणूस इमानी होता.

खिडक्यांना गज होते. खोलीतला एकच फोन चालू होता आणि तो फक्त उपाहारगृहात लागायचा. मंत्र्यांनी तो उचलला आणि सरकारचा आवाज काढून सगळी हकिकत सांगितली. उपाहारगृहाचा मॅनेजर म्हणाला, "चहा दाराखालून जाणार नाही साहेब. बिस्किटं जातील." त्याला पुन्हा सगळं समजावून सांगावं लागलं. मग मात्र तो कामाला लागला. त्याने इमारत विभागाला विचारलं. दार फार जुनं आहे, ते फोडायला परवानगी लागते आणि परवानगी देणारे साहेब उद्या येतील, असं कळलं. त्याने कस्टमला फोन लावला. तिथलं उत्तर त्याने जसंच्या तसं वाचून दाखवलं, "किल्लीवर किती शुल्क घ्यायचं ते ठरलेलं नाही. दर ठरवून द्या, किल्ली लगेच सोडतो."

"दर शून्य लिहा म्हणावं," मंत्री म्हणाले.

मॅनेजर विचारून फोनवर परत आला. "ते म्हणतात, यादीत बदल करायचा तर समितीची शिफारस आणि खाली मंत्र्यांची सही लागते. कुठल्या समितीची ते त्यांनाही माहीत नाही. तुम्हाला माहितीये का साहेब?"

सगळ्यांच्या नजरा अध्यक्षबाईंकडे वळल्या. काका तेवढे घोरत होते. अध्यक्षबाईंनी फाइल उघडली आणि चष्मा नाकावर सरकवला.

"शिफारस देऊ की," त्या म्हणाल्या. "पण यादीतली एक ओळ बदलायची तर समितीने आधी सगळी यादी वाचावी लागते. मधलंच पान उघडता येत नाही. असा नियम आहे ना, सचिव?"

"आहे, बाई," सचिव म्हणाले. नियम खरोखरच होता. तो कधी वापरायची वेळ येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सगळी यादी?" मंत्री म्हणाले. "जाड आहे हो ती."

"तुमचीच आहे," बाई म्हणाल्या.

सचिव फाइल घेऊन मंत्र्यांजवळ जाऊन बसले आणि तिथून त्यांची नजर सहज दारावर गेली. कुलूप अभेद्य होतं यात शंका नाही. पण कोयंडा चार स्क्रूंवर उभा होता. दार आतून लावलेलं होतं, म्हणजे स्क्रूही आतच होते. त्यांतला एक तर निम्मा बाहेर आला होता. सचिवांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

सरळमार्गी माणूस होता तो. समितीपासून त्याने आयुष्यात कधी काही लपवलं नव्हतं. हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून ते खुर्चीतून अर्धे उठलेही. तेवढ्यात मंत्री अधिकाऱ्याच्या कानात कुजबुजले, "एकदा बाहेर पडू दे. मग यांना पुढच्या वर्षी वाचत बसू दे."

सचिव खाली बसले. स्क्रू-ड्रायव्हर खिशात परत गेला.

वाचन सुरू झालं. छत्री शुल्कमुक्त होती, पण छत्रीचा दांडा नव्हता. बूट शुल्कमुक्त होते, पण नाड्यांना शुल्क होतं. बादलीला सवलत होती, बादलीच्या कडीचा पत्ताच नव्हता. व्यापारी सभासद सुरुवातीला हसत होते, मग हसायचे थांबले आणि स्वतः पानं उलटू लागले. सचिवांनी जपून ठेवलेले प्रश्न एकेक करून वकील सभासदांपुढे सरकवले. त्यांनी एक वाचला, सचिवांकडे बघितलं आणि म्हणाले, "हे एवढं चांगलं आम्हाला याआधी का नाही दिलंत?" दरवेळी दिलं होतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"मंत्रिमहोदय," वकील म्हणाले, "आपल्या कारखान्यातल्या कुलपाला सरकारी तपासणी लागते. बाहेरून येणाऱ्याला नाही. असं का?"

"असं आहे?" मंत्री म्हणाले.

"तुम्ही सही केलीय."

मंत्र्यांनी ते पान दोनदा वाचलं. त्यांच्या आवाजातली भरभराट हळूहळू ओसरली. "खरं सांगू का बाई," ते म्हणाले, "सही करताना मला दुसरीकडे जायचं होतं."

हे इतकं खरं होतं की कोणी हसलं नाही. उलट व्यापारी सभासदांनी दाराखालून आलेली बिस्किटं त्यांच्यापुढे सरकवली. बिस्किटं खाऊन मंत्री जरा सावरले आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "सचिव, तुम्हाला इथलं सगळं ठाऊक असतं. बाहेर पडायला दुसरा काही मार्ग नाही का हो?"

सचिवांनी खिशावर हात ठेवला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. अध्यक्षबाईही बघत होत्या.

"नियमांत तरी नाही, साहेब," ते म्हणाले.

"मग वाचा पुढे," मंत्री म्हणाले.

शेवटचं पान संपलं तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर चढलं होतं. अहवाल एकमताने ठरला. कुलपाबरोबर किल्ली, छत्रीबरोबर दांडा, आणि तपासणी सगळ्यांना सारखी. मतदानासाठी काकांना उठवलं. "मंत्री अजून इथेच?" असं म्हणून त्यांनी डोळे चोळले आणि हात वर केला. मंत्र्यांनी सही केली. अहवाल आणि शिफारस दाराखालून बाहेर सरकवली. "हे मात्र मी बघितलं साहेब," म्हणत पहारेकरी धावत सुटला आणि अहवाल पाचाच्या आत सभापतींच्या कार्यालयात पोचला. कस्टम शेजारच्याच रस्त्यावर होतं. थोड्या वेळाने दाराखालून एक लहानशी पितळी किल्ली आत आली आणि कुलूप लोण्यासारखं उघडलं.

मंत्री बाहेर पडले, तेव्हा पत्रकार जमले होते. "सरकारने आज स्वतःहून कराराचा फेरविचार केला," असं ते त्यांना सांगत असल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. एकेक करून सगळे गेले. सचिवांनी फाइली आवरायला घेतल्या. फार आनंद झाला होता आणि त्याच वेळी चोरी केल्यासारखंही वाटत होतं. बाईंना सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

"बाई, एक बोलायचं होतं."

"आधी माझं ऐका," अध्यक्षबाई पर्स उचलत म्हणाल्या. "सभापतींकडे निरोप द्या, की चमचे स्टेशनरीवाल्यांनीच मोजावेत. आम्हाला वेळ नाही. पुढच्या बैठकीला अर्थमंत्री आहेत."

"हो बाई. पण मी म्हणत होतो..."

दाराशी जाऊन त्या थांबल्या. त्यांनी एका बोटाने कोयंडा हलवून बघितला. तो चांगलाच डुगडुगला.

"आणि त्या बैठकीआधी हे चार स्क्रू तेवढे घट्ट करून ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहेच. आज मी दुपारभर जीव मुठीत धरून बसले होते. म्हटलं, कोणाचं लक्ष गेलं तर काय घ्या."