जगतापबाईंचा चीन

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत गणपतीचा ग्रुप फोटो लागला, की जगतापबाई चष्मा पुसून त्याच्यासमोर उभ्या राहतात. मागच्या वर्षी म्हणाल्या, "खजिनदार दुसऱ्या रांगेत सरकलेत. गेले ते." आठवड्याभरात खजिनदारांनी राजीनामा दिला. तेव्हापासून बाई दिसल्या की आमचे चेअरमन पोट आत घेऊन ताठ उभे राहतात.

त्यात बाईंचा दोष नाही. तीस वर्षं त्या चीनचं राजकारण असंच वाचतायत. कोण कुणाशेजारी बसलं, कुणाचं नाव यादीतून गळलं. "लिहिलंय ते सोडा हो, गाळलंय काय ते बघा!" हे त्यांचं पालुपद. माझ्या हातातली वाणसामानाची यादीसुद्धा त्यांनी अशीच वाचली. "साखर नाही यात. शुगर निघाली का तुम्हाला?"

निघाली होती.

त्यांचे वडील आकुर्डीला कारखान्यात फिटर. पोरगी चिनी शिकणार म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "शीक की. पर तिकडं आपलं कोण हाय?"

तिकडे शिकायला गेल्यावर बाईंना लिन भेटली. वकिली शिकणारी, होस्टेलच्या खोलीतली जोडीदार. पुढे लिन कामगारांचे खटले लढू लागली आणि एक दिवस तिला तुरुंगात टाकलं. बाईंनी त्यावर लेख लिहिले, देशोदेशी भाषणं दिली. मग त्यांना चीनचा व्हिसा मिळायचाच बंद झाला.

"अभ्यास ज्या देशाचा, बंदी त्याच देशात! असलं करिअर बघितलंय कधी?" असं म्हणून बाई खो खो हसायच्या.

दर महिन्याला मात्र तुरुंगाच्या पत्त्यावर एक पत्र जायचं. उत्तर कधीच नाही. मी एकदा विचारलं, "मॅडम, पोचत तरी असेल का?"

"पत्र फोडणारा वाचतो ना? त्याला कळू दे, हिची चौकशी करणारं कुणीतरी आहे."

बाई आमच्या समोरच्याच घरात एकट्या राहतात. परवा रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होतो. फोन वाजला. बाई उठल्या आणि फोन कानाला लावून, ओट्याला धरून उभ्याच राहिल्या. सभा गाजवणाऱ्या बाई, पण तेच दोन-तीन चिनी शब्द पुन्हा पुन्हा बोलत होत्या.

"लिन होती," फोन ठेवून म्हणाल्या. "सुटली. घरी आहे."

"काय बोललात एवढं?"

"जेवलीस का? दुसरं काही सुचेचना मला."

"आणि त्या?"

"ती म्हणाली, तू जेवलीस का?" बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "किती वर्षांनी विचारलं हो कुणी!"

मी पाना खाली ठेवला आणि दारातूनच बायकोला हाक मारली, "अगं, भात वाढव. मॅडम आज आपल्याकडे जेवायला आहेत."