तरोट्याला पाणी घालणाऱ्या शेवंताबाई

वांग्याचं रोप उपटून तणाला पाणी घालणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, दहा वर्षं तिच्या बांधाला बांध लावून भाजी पिकवली आहे. म्हणजे, पिकवायचा प्रयत्न केला आहे.

बल्लारपूरला आमच्या वस्तीच्या मागे मोकळी जागा होती. वस्तीच्या समितीनं तिचे पट्टे पाडून घराघराला एकेक दिला होता, भाजीपाल्यासाठी. आम्ही त्याला वाडी म्हणायचो. माझ्या शेजारची वाडी शेवंताबाईंची. त्या मुलचेऱ्याकडच्या, जंगलाला लागून असलेल्या गावच्या. नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला कामाला. आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या.

ओळख झाली तीच वांग्यावरून. मी मोठ्या मनानं त्यांना सहा रोपं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सहाही रोपं ओल्या फडक्यात मुळं गुंडाळून माझ्या बांधावर ठेवलेली.

"शेवंताबाई, लावली नाहीत?"

"लावली होती वं मास्तरीणबाई. पण इथी तरोटा आला. जागा नाई राह्यली. तुह्याकडे लय जागा हाये."

आणि बाई झारी घेऊन तरोट्याला पाणी घालायला गेल्या. तरोटा! जो रस्त्याच्या कडेला कुणी न विचारता गुडघाभर वाढतो, त्याला झारीनं पाणी!

आता तेव्हाची मी म्हणजे काय, विचारू नका. नागपूरची, बी.एड. झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी आणि परसबागेवरचं एक पुस्तक पाठ केलेली. वाफ्यांच्या टोकाला काडीवर पाटी लावायची, 'टमाटर', 'सांभार', म्हणजे तुमची कोथिंबीर. जणू झाडं वाचून आपापल्या जागी उगवणार होती. आज ती बाई मला रस्त्यात दिसली तर मी डोक्यावर पदर ओढून दुसऱ्या गल्लीनं जाईन.

पहाटे पाचला उठायचं. मुलांचे दोन डबे, ह्यांच्या खाणीतल्या पाळीचा तिसरा, सासूबाईंचा चहा, धाकट्याचा हरवलेला मोजा, आणि यातून जी पाऊण तास उसंत मिळे त्यात निंदण. दहाला शाळा. रविवारी साफ केलेला वाफा बुधवारी पुन्हा हिरवागार. एकदा थोरलीला सांभार आणायला पाठवलं, तर तिनं मूठभर तण आणलं आणि माझ्या घाईत ते वरणात पडलंसुद्धा. हे जेवून म्हणाले, "आज वरण बरं झालं." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

आणि हे सगळं बी यायचं पलीकडून. तिकडे तरोटा, कुंजर, घोळ, आणखी कायकाय, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून उभं. शेवंताबाई त्यात बसल्या की दिसायच्या नाहीत, नुसता खुडण्याचा आवाज यायचा.

"शेवंताबाई, एकदा निंदा ना हो! तुमचं बी उडून माझ्याकडे येतं."

"मंग येऊ दे ना. पाहुणा हाये."

"पाहुणा? माझ्या टमाटरच्या उरावर बसलाय तो!"

"त्याले वाटलं, थो उगला," बाई म्हणायच्या. संपलं.

हे त्यांचं सगळ्याच गोष्टींवरचं उत्तर होतं. बस चुकली, तर "तिले वाटलं, थे गेली." पंखा बंद पडला, "त्याले वाटलं, थो थांबला." दिवाळीत मुलगा आला नाही तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्याले वाटलं, थो नाई आला." आणि खुडत राहिल्या. मला तेव्हा हसू आलं होतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवली होती मी त्याची.

एका पावसाळ्यात शेवंताबाई भावाच्या गावी रोवणीला गेल्या. धानाची रोवणी म्हणजे आठवडा तरी मोडणार. त्या गेल्या आणि इकडे कुणालातरी त्यांच्या वाडीत साप दिसला. समितीचे अध्यक्ष रामटेकेभाऊ काठी घेऊन आले, लांबूनच पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, "रविवारपर्यंत साफ नाई झाली तं हा पट्टा काढून घ्याचा. तिथी गाड्या ठेवाले शेड करू."

मी बाईंवर कितीही चिडले तरी त्यांची वाडी जावी असं मला वाटत नव्हतं. आता खरं सांगायचं तर माझ्या टमाटरशेजारी स्कूटरी उभ्या राहाव्यात असंही वाटत नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पदर खोचला, विळा घेतला आणि शिरले. काय सांगू, दहा वर्षांचा राग हातात उतरला होता. तरोटा मुळासकट, कुंजर मुळासकट, घोळीचे गालिचे गुंडाळून काढले.

सासूबाई मागच्या ओट्यावरून ओरडत होत्या, "अवं, काय करून राह्यली? थांब ना वं!"

"तुम्ही बसा, आई. तुम्हाला यातलं काही कळत नाही," मी म्हणाले. सिंदेवाहीकडच्या शेतात जन्म काढलेल्या बाईला मी हे म्हणाले. पुस्तक वाचून.

रविवारी रामटेकेभाऊ आले, काळी माती पाहून खूश झाले, "मास्तरीणबाईचं काम म्हंजे काम," असं म्हणून गेले. पट्टा वाचला. मी हार घालून घ्यायच्याच तयारीत होते, तेवढ्यात शेवंताबाई बसमधून उतरून थेट मागेच आल्या. हातात पिशवी, पायाला अजून चिखल. सगळी हकीकत मी एका दमात सांगितली, सापापासून शेडपर्यंत.

त्यांनी कोपऱ्यातल्या कोमेजलेल्या ढिगाकडे पाहिलं. वाकून एक तरोट्याची फांदी उचलली, शेंडा चाचपला, खाली ठेवली.

"हे सगळं तू एकटीनं काढलं?"

"हो ना!"

"कंबर दुखत असन तुही. तेल लाव," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

मी चिडले. आभार नाहीत, काही नाही!

दुसऱ्या दिवशी पावसामुळे शाळा लवकर सुटली. मी दुपारी घरी आले तर सासूबाई ताट वाढून घेऊन बसलेल्या, घास नाही, नजर मागच्या दाराकडे. ताटात माझं वांगं, जसंच्या तसं.

"जेवत का नाही, आई?"

"तुह्या वांग्यानं माह्या घशात खाज येते."

"आँ? कधीपासून?"

"चार वर्स झाले."

"मग मी रोज ठेवून जाते ते वांगं खातं कोण?"

"समोरची गाय."

मी खाली बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रोज दुपारी घर रिकामं झालं की शेवंताबाई मागच्या दारानं यायच्या, वाटीत भाजी घेऊन. कधी तरोट्याच्या शेंड्यांची, कधी कुंजराची, कधी घोळीची डाळ घालून. सासूबाईंच्या माहेरची चव. दोघी मिळून जेवायच्या, गप्पा मारायच्या, आणि मी यायच्या आत वाटी धुऊन परत जायची.

"मला सांगायचं ना!"

"तुले कचरा वाटते म्हून नाई सांगतलं." सासूबाई ताटाकडे पाहत म्हणाल्या. "थे एकटीसाठी चूल पेटवत नाई वं. इथी जेवते तेवढंच. काल सांजेपासून उपाशी असन."

"मग आज का नाही आल्या?"

"भाजी कुठी हाये? तूच तं उपटली."

पाऊस थांबला होता. मी तशीच ओळीतल्या शेवटच्या घरी गेले. शेवंताबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आत चूल थंड.

"चला, जेवायला चला."

"भूक नाई वं मास्तरीणबाई."

"आई थांबल्यात तुमच्यासाठी. जेवत नाहीयेत."

त्या जरा हलल्या. मग दोन्ही तळवे उघडून माझ्यापुढे धरले. "माह्या हातात काईच नाई. रिकाम्या हातानं कोणाच्या घरी जेवाले कशी येऊ?"

माफी मागावी हेही सुचलं नाही. शेवटी तोंडातून निघालं ते भलतंच.

"आमच्याकडे प्यायचं पाणी संपलंय, शेवंताबाई."

सकाळीच साऱ्या गल्लीला नळ आला होता. आम्ही दोघी एकामागे एक उभ्या राहून भरून घेऊन आलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उठल्या. तांब्या राखेनं घासला, विसळला, काठोकाठ भरला, वर वाटी झाकली आणि माझ्या पुढे चालायला लागल्या, थेंबही सांडू नये अशा बेतानं, अगदी सावकाश.